पंधरावी काठी

मित्रांनो, छत्र्यांच्या डब्यात उभं राहून कुणी आपली कहाणी सांगू लागलं, तर ती काही फार ऐटीची नसणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी गोल्फ खेळण्याची काठी आहे. आता जुनी झाले. माझ्या डावीकडे एक मोडक्या काड्यांची छत्री आहे आणि उजवीकडे भिंत. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

माझ्या जातीच्या काठ्यांना वेज म्हणतात. त्यातही मी सगळ्यांत तिरकी. इतर काठ्यांचं तोंड समोर असतं, माझं पार आभाळाकडे. चौसष्ट अंशांचा तिरकेपणा! कारखान्यात पोलाद ओतून मला घडवलं, तासलं, घासलं आणि तळव्यावर ६४ हा आकडा कोरला. मला घासणाऱ्या बाई कामात मुरलेल्या होत्या. त्यांनी मला उजेडात धरून इकडून तिकडून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही दिसायला छान, पण नाकी नऊ आणणार हं कुणाच्या तरी!" तेव्हा मला तो कौतुकाचा भाग वाटला होता. काय सांगू, मी हुरळले होते.

माझं काम काय, ते आधी सांगते. चेंडू वाळूच्या खड्ड्यामागे पडला, पलीकडे लगेच भोक आहे, तर मी चेंडूला सरळ वर उचलते. तो उंच जातो, टपकन पडतो आणि जागच्या जागी थांबतो. पाहणाऱ्याच्या तोंडून "वा!" निघतंच. पण त्यासाठी हात तयार लागतात. काठी जोरात फिरवायची आणि चेंडू मात्र दहा-बारा पावलंच न्यायचा, हे सोपं नाही. बोटभर चूक झाली तरी सगळं मुसळ केरात. रोज सराव करणाऱ्यांची मी लाडकी. बाकीच्यांची मी कोण, ते पुढे कळेलच.

मला विकत घेतलं एका दातांच्या डॉक्टरांनी. दुकानातल्या माणसाने विचारलं, "साहेब, सराव किती असतो?"

"रविवारी खेळतो की!" डॉक्टर म्हणाले.

"नाही, खेळ नाही, सराव."

"तेच ते हो," म्हणून डॉक्टरांनी मला हवेत फिरवलं. वरचा दिवा थोडक्यात वाचला. दुकानदार खाली बघून हसला आणि त्याने मला कागदात गुंडाळलं. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं, अहो, मी यांच्या हातची नाही! पण काठीचं कोण ऐकतं?

घरी आल्यावर पहिली अडचण निघाली ती जागेची. गोल्फचा एक नियम फार कडक आहे, मित्रांनो. थैलीत चौदाच काठ्या ठेवायच्या. पंधरावी असली, तर तिला हात लावा न लावा, दंड ठरलेला: एका भोकाला दोन फटके, सगळ्या खेळात जास्तीत जास्त चार. डॉक्टरांच्या थैलीत चौदा आधीच होत्या. मला घ्यायचं म्हणजे कुणाला तरी काढायचं. त्यांनी काढली ती बुटकी.

बुटकी म्हणजे एक आखूड, साधी, काळपट पडलेली काठी. डॉक्टरांची मुलगी आठ वर्षांची असताना त्यांनी तिच्या उंचीला बसावी म्हणून ती स्वतः करवतीने कापली होती. मुलीला घरात ठमी म्हणत. ठमी त्या काठीवर खेळ शिकली, वाढली, बापापेक्षा चांगली खेळू लागली. तिच्यासाठी मग मोठ्या काठ्या आल्या, पण बुटकी डॉक्टरांच्या थैलीतच राहिली. भोकाच्या जवळ आले की डॉक्टर वाकून, कंबरेवर हात ठेवून, बुटकीने चेंडू हळूच घरंगळवत. चेंडू गवतावरून रमतगमत जाई आणि भोकापाशी पोहोचे. दिसायला काही नाही, पण काम चोख.

त्या बुटकीला छत्र्यांच्या डब्यात उभं केलं आणि तिच्या जागी मी गेले. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. माझी मान खाली गेली. पण माझ्या हातात काय होतं?

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. डॉक्टर मला काढत आणि मला धडकी भरे. कधी मी चेंडूच्या खालून निघून जाई, चेंडू वर उडे आणि त्यांच्याच बुटाशी पडे. कधी माझी कड चेंडूच्या पोटात लागे आणि तो गोळीसारखा पलीकडच्या झुडपात जाई. एकदा तर गवत कापणाऱ्या माळीकाकांच्या जेवणाच्या डब्यालाच पोचा आला. तेव्हापासून मी थैलीतून डोकं वर काढलं की काका ओरडत, "डॉक्टरसाहेबांनी ती काढली! सरका रे बाजूला!" सगळे हसत. डॉक्टरही हसत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

कौतुक झालंच नाही असं नाही. एकदाच, फक्त एकदा, तो फटका जमला. चेंडू खड्ड्यावरून उंच गेला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. त्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी ती गोष्ट ऐकवली. माणूस खुर्चीत आडवा, तोंडात आरसा आणि कापूस, तो बिचारा नुसतं "आँ" म्हणे. डॉक्टरांना ती दाद वाटे. त्या एका फटक्याने त्यांचं फार नुकसान केलं, मित्रांनो. शंभरातल्या एकावर भाळून ते नव्याण्णव विसरले.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्या क्लबात दर वर्षी घरच्यांच्या जोड्यांचा सामना असे. आई-मुलगा, बाप-लेक, कुणीही. दोघांना मिळून एक चेंडू, एक थैली, आणि फटके आळीपाळीने. ज्या जोडीचे एकूण फटके सगळ्यांत कमी, ती जिंकली. जिंकणाऱ्या जोडीची नावं दिवाणखान्यातल्या लाकडी पाटीवर एका ओळीत रंगवत. डॉक्टरांना आणि ठमीला त्या पाटीवर एका ओळीत नाव हवं होतं. पाच वर्षं ती ओळ त्यांना हुलकावणी देत होती.

गेल्या खेपेला तर ती अगदी हाताशी आली होती. शेवटचं भोक, चेंडू बारा पावलांवर, फटका डॉक्टरांचा. त्यांनी मला काढलं. ठमी हळूच म्हणाली, "बाबा, मध्ये काही नाहीये. नुसतं गवत आहे. आभाळात कशाला जायचं?"

"बघच तू," डॉक्टर म्हणाले.

तिने बघितलं. चेंडू त्यांच्या बुटाशी पडला. एका फटक्याने ते हरले. ठमीने भोकातला चेंडू काढला, पुसला आणि बाबांच्या खिशात टाकला.

यंदाचा सामना शेवटचा होता. ठमीला दूरच्या गावी नोकरी लागली होती, फार दूरच्या. सामन्यानंतर नऊ दिवसांनी तिचं विमान होतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, एकच मागते. उद्या ती चौसष्टवाली नको."

"नाही घेत. शब्द!" म्हणून डॉक्टरांनी मला तिच्या देखत थैलीतून काढलं आणि कोपऱ्यात ठेवलं. थैलीत तेरा राहिल्या. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. बाप-लेकीची ओळ आता रंगेल, मी कोपऱ्यातून ऐकेन, माझं काय बिघडलं?

सकाळी ठमी सगळ्यांच्या आधी उठली. तिने छत्र्यांच्या डब्यातून बुटकीला बाहेर काढलं, पुसलं आणि गुपचूप थैलीत सरकवलं. बाबांना मैदानावर चकित करायचं होतं तिला. चौदा झाल्या. सगळं जिथल्या तिथे.

ती आंघोळीला गेली आणि डॉक्टर आले. कोपऱ्यात माझ्यासमोर उभे राहिले. निघाले. परत आले. "असू दे, अडीनडीला," असं स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी मला उचललं. लेकीला दिसू नये म्हणून थैलीत उलटी घातली, डोकं तळाला, आणि वर टॉवेल ओढला. मोजायचं सोडा, त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यात हाच माणूस पेशंट येण्याआधी आणि गेल्यावर, दोन्ही वेळा अवजारं मोजतो! पण चोरून काम करणाऱ्याला मोजायला सवड कुठली?

आत काळोखात माझ्या गळ्याला बुटकी लागली. पंधरा! अहो, पंधरा झाल्या! मी खडखडले, थैली गाडीत चढताना दोनदा आपटले. ठमीची आई म्हणाली, "आज काठ्या फारच वाजतायत गं." गाडी निघाली. त्या घरात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि मला वाचा नव्हती.

पहिल्याच भोकापाशी ठमीने बुटकी काढून बाबांच्या हातात दिली. डॉक्टर बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चोरून थैलीकडे पाहिलं आणि टॉवेल आणखी नीट ओढून घेतला. त्यांना माझी लाज वाटली, मित्रांनो. आकडा त्यांच्या डोक्यातही आला नाही.

मग जो काही खेळ झाला म्हणता! ठमी लांबचे फटके मारी आणि डॉक्टर वाकून, कंबरेवर हात ठेवून, बुटकीने घरंगळवत. माळीकाकांनी यंत्र बंद केलं आणि ते मागे मागे चालू लागले. शेवटचं भोक, पुन्हा बारा पावलं, पुन्हा डॉक्टर. बुटकीचा हलका टोला बसला, चेंडू गवतावरून गेला आणि भोकाच्या काठाशी थांबला. ठमीने नुसता ढकलला. एकूण एक्याऐंशी फटके! क्लबातल्या एक मुख्याध्यापिका बाई आणि त्यांच्या मुलाचे चौऱ्याऐंशी होते, बाकी सगळे मागे. ठमीने बाबांच्या गळ्यात हात टाकले. थैलीत मी तेवढी थंडगार पडले होते.

फटक्यांचं पत्रक सहीसाठी समोर आलं. इकडे डॉक्टर दवाखान्यातल्या सवयीने ओल्या टॉवेलने एकेक काठी पुसून मोजत होते. शेवटी त्यांचा हात तळाशी गेला. त्यांनी मला बाहेर काढलं आणि पहिल्यापासून पुन्हा दोनदा मोजलं.

"ठमे," ते म्हणाले, "पंधरा आहेत."

"परत मोजा, बाबा."

"मोजल्या गं. तीनदा."

ठमीने माझ्याकडे पाहिलं, मग बुटकीकडे. "हिला मी टाकलं," ती म्हणाली.

"आणि हिला मी."

आसपास कुणी नव्हतं. मला परत टॉवेलखाली सरकवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि पत्रकावर तसंच ठेवून दिलं. मग ठमीने पेन घेतलं आणि दंडाचे चार फटके स्वतः लिहिले. पंच्याऐंशी. एका फटक्याने हार. त्या दिवशी मला कुणी एकदाही चेंडूला लावलं नव्हतं, आणि हार माझ्याच पायी झाली. नुसती बरोबर होते, एवढाच माझा गुन्हा.

घरी येताना गाडीत ठमीची आई म्हणाली, "एकमेकांना सांगितलं असतंत तर काय झालं असतं?"

नवव्या दिवशी ठमी गेली. बुटकीला बरोबर घेऊन गेली. मी तिच्या जागी डब्यात आले. पाटीवरची यंदाची ओळ दुसऱ्या जोडीची आहे. आणि पुढच्या कुठल्याही ओळीत हे दोघं एकत्र असणार नाहीत.

आता डॉक्टर दर रविवारी निघण्याआधी काठ्या मोजतात. मोठ्याने, मला ऐकू येईल असं. तेरा भरतात. मागे एकदा फोनवर ठमीने विचारलं, "मग एकीची जागा आहे की, बाबा. घेऊन जा ना तिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिवात जीव आला.

"राहू दे रिकामी," ते म्हणाले. "ती जागा तुझ्या बुटकीची आहे."

मित्रांनो, मला त्यांचा राग नाही. माझ्यासारखी काठी जरूर घ्या, पण आधी माझ्याबरोबर महिनोन्‌महिने घाम गाळा. तेवढी सवड नसेल तर मला दुकानातच राहू द्या. जमिनीवरून जाणारा चेंडूही भोकातच पडतो. आणि घरातून निघताना थैलीत काय आहे ते आपल्या माणसाला सांगा. मला तर सांगता येत नव्हतं. त्या दोघांना येत होतं.