युवराजचा पहिला सोयाबीनचा घास

मित्रांनो, नीट ओळख करून देतो, कारण आजकाल पुष्कळ जण मला चकलीचा सोऱ्या समजतात. मी एक जुनं पुरणयंत्र आहे. स्टीलचं. खाली तीन पाय, मध्ये चाळणी, वर गोल फिरवायचा दांडा. शिजलेली डाळ माझ्यात घालायची, दांडा फिरवायचा, की खाली मऊ पुरण पडतं. इतकं साधं माझं काम.

देगलूरच्या एका भांड्यांच्या दुकानातून इंदुताईंनी मला आणलं. तेव्हा त्यांच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. त्यांचे यजमान नामदेवराव शेती करायचे. त्यांचं गाव देगलूरपासून तासाभरावर. त्या गावात पहिलं पुरणयंत्र मीच होतो. त्याआधी बाया पाट्यावर पुरण वाटायच्या आणि दुसऱ्या दिवशी खांदे चोळत बसायच्या. त्यामुळे होळीला मला एका घरात राहायला मिळत नसे. सकाळी पाटलांकडे, दुपारी गुरवांकडे आणि संध्याकाळी परत इंदुताईंच्या ओसरीवर. "इंदूच्या यंत्राचं पुरण लोण्यासारखं," असं कुणी म्हटलं की मला फार बरं वाटायचं.

पुढे त्यांचा मुलगा विक्रम शिकला आणि हैदराबादला रेल्वेत नोकरीला लागला. काही वर्षांनी शेत बटाईने देऊन नामदेवराव आणि इंदुताईही तिकडे आले. त्यांच्याबरोबर मीही आलो, सतरंजीत गुंडाळलेला. हैदराबादच्या तारनाका भागातल्या विक्रमच्या फ्लॅटमध्ये मिक्सर होता. पुरणपोळ्याही दुकानात तयार मिळत. पहिल्या वर्षी मला एकदा वापरलं, दुसऱ्या वर्षी नाही. मग एका गोणपाटात घालून मला माळ्यावर ठेवलं. रागाने नव्हे, माझं काही कामच उरलं नव्हतं. पण मित्रांनो, रागाने टाकलेल्या वस्तूची निदान कुणी आठवण तरी काढतं.

माळा स्वयंपाकघरातच होता. त्यामुळे खालचं सगळं मला ऐकू येई. विक्रम आणि त्याची बायको त्रिवेणी यांना मुलगा झाला, त्याचं नाव युवराज ठेवलं, हे मी वरूनच ऐकलं. त्याचं रडणं ऐकून तो मोठा होतोय हे मला कळायचं.

युवराज सहा महिन्यांचा झाला. त्रिवेणी त्याला अंगावर पाजत होती, सोबत भाताची पेज आणि वरणाचं पाणी सुरू केलं होतं. एका दुपारी ती आंघोळीला गेली असताना इंदुताईंनी नातवाला चमचाभर दहीभात भरवला. प्रेमाने भरवला. विक्रमलाही त्यांनी असाच भरवला होता. पण पाच-दहा मिनिटांत युवराजचे ओठ सुजले, अंगावर लाल गांधी उठल्या आणि तो उलट्या करू लागला.

"त्रिवेणी! अगं, लवकर बाहेर ये!" इंदुताईंचा तो आवाज मी आजवर विसरलो नाही.

आमच्या घरापासून जवळच, नल्लकुंट्याला, डॉक्टर भाग्यलक्ष्मी यांचा दवाखाना आहे. त्यांनी लगेच औषध दिलं आणि बाळ संध्याकाळपर्यंत सावरलं. पुढे तपासण्या झाल्या आणि कळलं की त्याला दुधाची ॲलर्जी आहे. दूध, दही, तूप, लोणी, सगळं बंद. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून त्रिवेणीचंही बंद.

त्रिवेणीने सासूला दोष दिला नाही. विक्रमनेही दिला नाही. पण इंदुताईंनी त्या दिवसापासून नातवाला भरवणं सोडून दिलं. वाटी भरून ठेवत, लाळेरं बांधून देत, आणि चमचा हातात घ्यायची वेळ आली की उठून गॅलरीत जात. त्रिवेणी म्हणायची, "आई, बसा ना इथे." त्या म्हणायच्या, "तूच भरव बाई. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

दोन महिने गेले. युवराजचं वजन म्हणावं तसं वाढेना. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आता दुधाच्या जागी सोयाबीन देऊन बघू. घरी येऊन त्रिवेणीने हे सांगितलं आणि खाली एकच गोंधळ उडाला.

"सोयाबीन? लेकराला?" इंदुताई म्हणाल्या. "अगं, त्याची ढेप आपण म्हशीला घालतो."

"ढेप म्हशीला, पण दाणा माणसालाच की," नामदेवराव म्हणाले. "खरं सांगू का? वीस वर्षं सोयाबीन पिकवलं मी. पोतीच्या पोती तेलाच्या कारखान्याला घातली. पण आपल्या चुलीवर मूठभर शिजवून बघावं, असं एकदाही मनात आलं नाही."

"दूध ज्यांना चालत नाही, त्यांतल्या काही बाळांना सोयाही चालत नाही म्हणे," त्रिवेणी हळूच म्हणाली. "म्हणून पहिला चमचा दवाखान्यातच द्यायचा. आपल्या मनाने घरी नाही द्यायचा." तिच्या आवाजात भीती होती. मागच्या वेळचं ती विसरली नव्हती.

दवाखान्यात जायच्या आधी सोयाबीन शिजवण्याचा सराव करून बघायचा असं ठरलं. त्रिवेणीने दाणे शिजवले आणि मिक्सरमधून काढले. पण सालीचे बारीक तुकडे राहिले आणि दाणाही कणीदार राहिला. तिने स्वतः चाखून बघितलं आणि वाटी बाजूला सारली. "हे त्याच्या घशात अडकेल, आई. मी नाही देणार. राहू द्या ते सोयाबीन."

ती खोलीत निघून गेली. मग इंदुताईंचा आवाज आला. "अहो, स्टूल आणा. माळ्यावरचं पुरणयंत्र काढा."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी उजेडात आलो! माझ्या चाळणीत कोळ्याने घर केलं होतं. इंदुताईंनी माझा एकेक भाग सुटा केला, चिंचेने घासला, उकळत्या पाण्यात घातला आणि उन्हात वाळवला. मग रात्री नवे दाणे भिजत घातले आणि दुसऱ्या सकाळी सोयाबीन हातात घेतलं. रात्रभर भिजलेले दाणे दोन्ही तळव्यांत चोळून सालं काढली, तरंगणारी सालं पाण्याबरोबर ओतून टाकली. ते पाणी तीनदा बदललं. कुकरमध्ये डाळीपेक्षा दुप्पट शिट्ट्या दिल्या. एक दाणा अंगठा आणि बोटात दाबून बघितला, तो जरासा कचकचला, तर पुन्हा कुकर लावला. "कच्चं राहिलं तर मोठ्या माणसालासुद्धा बाधतं," त्या म्हणाल्या. "इथं घाई करून चालायचं नाही."

गरम दाणे माझ्यात पडले. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा हे दाणे चिकट होते, वासही वेगळा, थोडा हिरवट. सुरुवातीला दांडा जड गेला. पण मग खाली फिकट पिवळा, मऊ गोळा पडू लागला. त्रिवेणी बाहेर आली. तिने बोटावर घेऊन चाखला आणि सासूकडे बघतच राहिली. "एक कण नाही हो, आई."

नामदेवरावांनीही चमचाभर तोंडात टाकला. "अरे, हे तर चांगलं लागतं!" असं ते म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो.

दोन दिवसांनी ताजा लगदा करून, डबीत भरून सगळे सकाळीच नल्लकुंट्याला गेले. तिथलं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण नामदेवरावांनी ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगितलं आहे की मला पाठ झालं आहे.

डॉक्टरांनी आधी युवराजला तपासलं. मग आपल्या हैदराबादी मिश्र बोलीत त्रिवेणीला म्हणाल्या, "जल्दी नक्को, अम्मा. पहले चमच्याच्या टोकावर, एवढंच. कुछ नहीं हुआ तो थोडा और."

त्रिवेणीने चमचा भरला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या इंदुताई दाराकडे वळल्या. तेव्हा त्रिवेणीने त्यांना हाक मारली आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

"आई, तुम्ही द्या."

"नको गं. परत काही झालं तर?"

"डॉक्टर इथेच आहेत. मी इथेच आहे. आणि हे तुम्ही शिजवलंय."

इंदुताईंनी चमचा हातात घेतला. त्यांनी तो युवराजच्या ओठांना लावला. त्याने चाखलं, नाक मुरडलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. इंदुताईंच्या डोळ्यांना धार लागली. पुढचे दोन तास सगळे बाकावर बसून त्याच्या ओठांकडे, गालांकडे, पोटाकडे बघत होते. काहीही झालं नाही. युवराज मात्र आजोबांच्या मांडीवर गाढ झोपी गेला.

घरी रोज सकाळी थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि तीन दिवस दुसरा कुठलाही नवा पदार्थ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या गालावर एक लाल ठिपका दिसला. विक्रम ऑफिसमधून धावत आला. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी अंगावर आणखी कुठे काही आहे का, उलटी, खोकला आहे का, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी हसून म्हणाल्या, "ये तो मच्छर ने काटा है!" त्या दिवशी घरात कितीतरी दिवसांनी सगळे मोठ्याने हसले.

आता युवराज दीड वर्षाचा आहे. त्याला नाचणीत मिसळलेलं सोयाबीन आवडतं, कुस्करलेला टोफूही आवडतो. शेजारच्या बाईंनी एकदा सोया सॉस घातलेले नूडल्स आणून दिले. त्रिवेणीने आभार मानून ते युवराजला न देता स्वतः खाल्ले. "नाव सोयाचं असलं तरी त्यात नुसतं मीठ," ती म्हणाली. दूध पुन्हा कधी देऊन बघायचं, ते डॉक्टर ठरवतील. तोवर कुणी त्याच्यापुढे पेढा धरत नाही.

मी आता ओट्याजवळच्या फळीवर असतो. माझी एकच तक्रार आहे. विक्रम मला वापरून तसाच ठेवतो. सोयाबीनचा लगदा चाळणीत वाळला की दगडासारखा होतो. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर काम झाल्याबरोबर पाण्यात घाला.

आणि तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर त्याला कौतुकाने काहीही भरवू नका, आधी आईला विचारा. नवा घास थोडासा द्यावा, मऊ करून द्यावा, आणि मग वाट बघावी. एवढी काळजी घेऊनही कधी कुणाकडून चूक होतेच. तेव्हा त्या माणसाला गॅलरीत एकटं उभं राहू देऊ नका. त्याला आत बोलवा, बाळाजवळ बसवा, आणि चमचा त्याच्या हातात द्या.