केसभर गळती

काटा पुन्हा सरकला होता.

नॉर्बर्ट सेडलाचेकने चष्मा कपाळावर चढवला, डोळे पुसले, चष्मा खाली घेतला आणि परत पाहिलं. नुसतं बघून काटा मागे जात असता तर तो दिवसभर बघत बसला असता. काल संध्याकाळी त्याने पंप लावून गाडीच्या एसीच्या नळ्यांमधली सगळी हवा उपसली होती, दाब मोजायच्या गेजचे दोन्ही व्हॉल्व्ह आवळले होते आणि काटा एकोणतीस इंचांवर ठेवून तो घरी गेला होता. सकाळी काटा अठ्ठावीसवर. म्हणजे कुठून तरी हवा आत शिरत होती. आज जिथून हवा आत येते तिथूनच उद्या गॅस बाहेर जाणार, हे ट्यूसनच्या वाळवंटातल्या कुठल्याही एसीवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

"काय, झाली का बोंब पुन्हा?" क्रेग लंडी कॉफीचा कागदी पेला घेऊन मागे उभा होता. गॅरेज त्याचं. म्हणजे त्याच्या बापाचं. बाप गेल्यावर गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट, एक हवेचा पंप आणि नॉर्बर्ट असा सगळा वारसा त्याच्या गळ्यात पडला. पैकी लिफ्ट आणि पंप त्याने बदलून टाकले होते.

"एक इंच पडलाय."

"एक इंच! अरे, चाळीस वर्षांची गाडी आहे ती. चाळिशीनंतर माणूससुद्धा थोडाफार गळतो. गॅस भर आणि दे पाठवून. दोन महिने तरी गार वारा मारेल."

"माझ्या हातून गळकी गाडी जात नाही."

"तुझ्या हातून गाडीच जात नाही, नॉर्ब. सहावा दिवस आज."

बाकीचे दोघे मेकॅनिक फिदीफिदी हसले. नॉर्बर्ट पुन्हा काट्याकडे वळला. बासष्ट वर्षांचा माणूस, बायको सोडून गेलेली, मुलगी दूर ओहायोत. त्याच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. तेहतीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी गार वाऱ्यासाठी परत आलेली नव्हती. माणसाला कशाचा तरी ताठा लागतोच. नॉर्बर्टला याचा होता.

गाडी लाल, दोन दारांची, जर्मन. या जातीच्या गाड्यांत इंजिन मागे असतं आणि थंडी हवी असते पुढे, त्यामुळे गॅसला अख्ख्या गाडीभर हिंडून यावं लागतं. नळ्या लांबच लांब, आणि जुनं रबर चाळणीसारखं झिरपतं. नॉर्बर्टने पहिल्याच दिवशी सगळ्या नळ्या नव्या बांधल्या होत्या. कॉम्प्रेसर उघडून आतली सीलं बदलली, जुनं तेल धुऊन काढलं, ओल शोषणारा डबा नवा बसवला, जोडाजोडातल्या रबरी चकत्या एकेक करून तेलात बुडवून घातल्या. एवढं करूनही काटा सरकत होता. सहा दिवसांत त्याने प्रत्येक जोड दोनदा उघडून दोनदा आवळला होता.

त्याच्या बाकावर, भिंतीला, त्याच्याच अक्षरातलं एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं पान चिकटवलेलं होतं. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला तो ते मोठ्याने वाचायला लावायचा. 'आधी आपलं गेज तपासा, मग गाडीला नावं ठेवा.'

दहाच्या सुमाराला लोरेन हॅडली आली. सत्तरीची बाई, गवती टोपी, हातात गार चहाची बाटली. ती रोज यायची आणि रोज त्याच्यासाठी चहा आणायची. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं होतं. आता ती बाटली दिसली की तो गाडीखाली शिरायला निमित्त शोधायचा.

"झाली का हो?"

"नाही, मिसेस हॅडली. अजून धरत नाहीये."

ती लाल गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. गाडी तिच्या नवऱ्याची, वॉल्टरची. विमानतळावर आयुष्यभर इंजिनं दुरुस्त करून त्याने ही एक चैन केली होती, आणि तीस वर्षं दर रविवारी लेमन डोंगराच्या वळणांवरून तिला फिरवून आणलं होतं. मग त्याला तो मज्जातंतूंचा आजार लागला. त्या आजाराचं उन्हाशी हाडवैर. अंगाला गरम हवा लागली की आधी पाय जातात, मग जीभ जाते. आता तर घास गिळणंही कठीण झालं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि घरीच ठेवा याचा अर्थ लोरेनला कळत होता. वॉल्टरचं मागणं एकच होतं: आपल्या गाडीतून एकदा डोंगरावर जायचं, लोरेन चालवेल आणि तो शेजारी बसेल.

जून महिना होता. दुपारी पारा एकशे बारा फॅरनहाइटवर जायचा आणि पहाटेलाही ऐंशीच्या खाली उतरायला तयार नसायचा.

"नॉर्ब, मला एक तास हवाय," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं वर जायला, वीस मिनिटं तिथे. येताना तो झोपलेलाच असेल. महिन्याभराने गॅस गळून गेला तरी मी कुणापाशी तक्रार करणार नाही. माझ्याकडून लिहून घ्या हवं तर."

"अर्ध्या वाटेत बंद पडलं तर? वर जाताना? शेजारी त्यांची जीभ जाईल आणि तुम्ही काय कराल?"

"एक इंचाने अर्ध्या वाटेत बंद पडेल?"

नाही पडणार. हे त्याला माहीत होतं. एवढी गळती आठवडाभर तरी कळणारही नाही, हेही माहीत होतं. पण तो म्हणाला, "मी दिलेली गाडी धरते, मिसेस हॅडली. मला तीन दिवस द्या."

लोरेनने बाटली बाकावर ठेवली. "काल रात्री त्याने मला विचारलं, नॉर्ब झोपतो तरी का. मी म्हटलं, तुझ्या गाडीपायी नसेल झोपत. त्यावर हसला तो. बऱ्याच दिवसांनी हसला." मग टोपी नीट केली आणि ती गेली.

क्रेगने काचेआडून सगळं पाहिलं होतं. "दे ना तिला, बाबा! म्हातारा मरायला टेकलाय आणि तू नळ्या कुरवाळत बसलायस. कुणासाठी करतोयस हे, त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

क्रेग हा काही कनवाळू माणूस नव्हता. त्याला लिफ्ट मोकळी हवी होती. पण वाईट माणूसही कधीकधी खरं बोलून जातो, आणि त्याच्या तोंडून आलं म्हणून आपण ते ऐकत नाही. नॉर्बर्टनेही ऐकलं नाही.

सातव्या दिवशी त्याने समोरचा, गॅस थंड करणारा कंडेन्सर परत उतरवून, हवा भरून पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. आठव्या दिवशी आतलं सगळं मोकळं करून थंडीची पेटी बाहेर काढली. तीही धड. त्या दिवशी लोरेन आली नाही, चहाही आला नाही. वॉल्टरला ताप आहे, एवढाच निरोप तिने फोनवर ठेवला होता. नॉर्बर्टने तो दोनदा ऐकला आणि परत गाडीखाली शिरला. घाई केली असती तर त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं, असं त्याचं म्हणणं.

नवव्या दिवशी दुपारी गाडीत शोधायला काही उरलंच नाही. नळी उरली नाही, जोड उरला नाही. नॉर्बर्ट बाकावर बसला आणि कोमट पाणी पिता पिता त्याची नजर हातातल्या गेजवर गेली. सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या बोनसच्या पैशांतून घेतलेलं, पितळेचं, कुणाला हात लावू न दिलेलं त्याचं स्वतःचं गेज. त्याने गेजच्या निळ्या नळीचं तोंड फिरवून काढलं. आतली रबरी चकती करंगळीच्या नखाएवढी. तिला आडवी चीर गेली होती.

त्याने नवी चकती घातली. गेज गाडीला न जोडताच नळ्यांची तोंडं बुचांनी बंद केली, पंप लावला, व्हॉल्व्ह आवळले. काटा एकोणतीसवर उभा राहिला. मग गाडीला जोडून पाहिलं. तिथेही काटा एकोणतीसवर उभा. दोन तास तसाच.

गाडी पहिल्या दिवसापासून धड होती.

"काय झालं रे?" क्रेगने विचारलं. नॉर्बर्टला खोटं बोलता येत नसे. त्याने फाटकी चकती तळहातावर धरून दाखवली.

क्रेगला समजायला क्षणभर लागला आणि मग तो गुडघ्यांवर हात टेकून हसला. "काखेत कळसा आणि नऊ दिवस गावाला वळसा! अरे, या सगळे! ते पान वाचा भिंतीवरचं! वाच ना नॉर्ब, मोठ्याने वाच, आम्हाला वाचायला लावायचास की!"

नॉर्बर्टने वाचलं नाही. तो गॅस भरत होता. तोलून, मापून, पण आता घाईने. इंजिन चालू केलं आणि आत, जिथून गार वारा येतो त्या जाळीत थर्मामीटर खोचला. पंधरा मिनिटांत काटा बर्फापेक्षा सहाच डिग्री वर येऊन थांबला. बाहेर एकशे दहा, आणि गाडीत बसलं की दातावर दात वाजावेत असा गारठा. असं काम त्याच्याही हातून क्वचितच झालं होतं.

त्याने तेलकट हात पुसून फोन लावला.

"मिसेस हॅडली, गाडी तयार आहे. मीच घेऊन येतो, अर्ध्या तासात. त्यांना नुसतं दारापर्यंत आणा."



"सकाळी साडेसहाला गेला तो, नॉर्ब," लोरेन म्हणाली. मग तिनेच विचारलं, "गार होते का?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

क्रेग अजून हसत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी गाडी विकली गेली. घेणारा ट्रेंट नावाचा तिशीतला माणूस. शनिवार-रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या पळवणारा. लोरेन कागदांवर सही करायला गॅरेजात आली होती. ट्रेंटने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागचं झाकण उघडलं.

"हे सगळं काढून टाका," कॉम्प्रेसरवर बोट आपटून तो म्हणाला. "एसी, नळ्या, पुढचा कंडेन्सर, सगळं. उगाच वजन नुसतं. वळणावर मार खाते गाडी."

"नॉर्ब काढेल," क्रेग म्हणाला. "त्याला या गाडीचा जोड न् जोड पाठ आहे."

 ते दोघे आत गेल्यावर लोरेन नॉर्बर्टजवळ आली.

"काढायच्या आधी एकदा लावाल?"

त्याने इंजिन चालू केलं. ती चालकाच्या जागी बसली नाही. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, वॉल्टर बसणार होता त्या जागी बसली आणि काच वर घेतली. दोन्ही हात जाळीसमोर धरले. नॉर्बर्ट बाहेर उन्हात उभा राहिला. थोड्या वेळाने तिने काच खाली केली.

"कुठे होती हो गळती?"

खालच्या नळीत, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. समोरच्या जोडात म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला काय कळणार होतं? पण नॉर्बर्टला खोटं बोलता येत नसे, आणि तीन आठवडे छातीवर ठेवलेला दगड त्याला कुठेतरी उतरवायचा होता.

"गाडीत नव्हती," तो म्हणाला. "माझ्या गेजमध्ये होती. गाडी पहिल्या दिवसापासून ठीक होती, मिसेस हॅडली. चूक माझी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, ती दिवस मोजत होती.

"पाचव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आला होता," ती म्हणाली. "त्याला वाटलं तुम्ही आलात." मग थोडं थांबून, "हे मला सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

 तिने वाकून हात लांबवला, चावी फिरवून इंजिन बंद केलं, खणातून वॉल्टरची जुनी टोपी काढून घेतली आणि उन्हातून आपल्या गाडीकडे निघून गेली.

ती गेल्यावर नॉर्बर्टने कामाला सुरुवात केली. गॅस हवेत सोडायचा नसतो, तो काढून घ्यावा लागतो. त्याने पितळी गेज जोडलं, यंत्र लावलं आणि भरलेला सगळा गॅस मापाने परत टाकीत ओढून घेतला. काटा उतरत उतरत शून्याच्या खाली जाऊन थांबला. खरं तर आता नळ्या सोडायला हरकत नव्हती. तरी त्याने व्हॉल्व्ह आवळले, स्टूल ओढलं आणि चष्मा खाली घेऊन काट्यासमोर बसला.

अर्ध्या तासाने क्रेगने हाक मारली तेव्हाही तो तिथेच होता. काटा केसभरही हलला नव्हता.