उंबऱ्यापलीकडचे चाळीस दिवस

सुरतेत प्लेग पसरल्याचं रेडिओवर ऐकल्याच्या तिसऱ्या सकाळी बसवेश गेवराईच्या घरी दारात येऊन उभा राहिला. दुकानासाठी साड्या आणायला तो सुरतेलाच गेला होता. महादेवीबाई न्हाणीत नातीच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या, त्या तशाच धावल्या. लेकाच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

शिवांजली बाळंतिणीच्या खोलीतून बघत होती. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. पोरगी एकवीस दिवसांची. नवऱ्याचे डोळे लाल दिसत होते. जागरणानं, की तापानं?

वाटेत स्टँडवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि ही इंग्रजी चिठ्ठी, तो सांगत होता. तिनं ती लांबूनच धरायला लावली. खाली एकच शब्द ठळक होता : क्वारंटाइन.

"तिथंच थांबा," ती म्हणाली.

महादेवीबाईंचं तोंड उतरलं. आपण लिंगायत, आपल्यात ना सोयर ना सुतक. पोटच्या पोराला उंबऱ्याबाहेर ठेवलं तर गळ्यातल्या लिंगाला काय सांगायचं?

"कॉलेज शिकलीस, आन् नवऱ्याचा विटाळ धरतीस व्हय गं?"

"लई थकलोय माय, दुसरं काय न्हाई," म्हणत बसवेशनं पाऊल पुढं टाकलं. शिवांजलीनं खोलीची कडी आतून घातली आणि खिडकीशी आली.

"आत्याबाई, विटाळ नाही हा. लांब व्हेनिस म्हणून बंदर आहे. प्लेगच्या काळात तिथं बाहेरून आलेलं जहाज, आपल्या माणसांचं असलं तरी, चाळीस दिवस पाण्यातच थांबवायचे. त्यांच्या भाषेतल्या चाळिसावरनं हा शब्द आला."

"चाळीसच?"

"चाळीस."

महादेवीबाईंनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले.

"मी बी तुला सव्वा महिन्यासाठी आत बसवलंय, ते बी चाळीसेकच दिस. विटाळ म्हणून न्हाई, पोर कोवळी म्हणून." मग लेकाकडं वळल्या. "मागं साड्यांच्या खोलीत जा."

डॉक्टर तर दहाच दिवस म्हणाले, तो कुरकुरला. पण गेला.

शिवांजलीनं कडी काढली. नातीला न्हाऊ घालायला महादेवीबाई रोजच्यासारख्या आल्या, आणि उंबऱ्याशीच थबकल्या. स्वतःच्या तळव्यांकडं बघत राहिल्या.

"मी शिवले की त्याला."

मागच्या खोलीत बसवेश खोकला. दोघींनी कान दिला. पुन्हा खोकला आला नाही.

महादेवीबाई अंगणात लांब जाऊन बसल्या.

"पाणी तापलंय. आजपासून तूच न्हाऊ घाल. पायावर पालथी घे, मानेला हात लाव. मी हितून सांगते."

शिवांजलीनं पोरीला उचललं. एवढ्या दिवसांत तिनं तिला एकदाही अंघोळ घातली नव्हती.