परसूचं पान

“हात वर करा अप्पा. शर्ट घाला बघू. नवाची गाडी चुकली की मग अळणावरला जायला दीड तास गाडी न्हाई.”

बाबाजीनं हात वर केला नाही. नवनगरच्या घरात, खाटेच्या कडेवर, तो बनियनवर तसाच बसून राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट लेकीच्या, वनिताच्या हातात लोंबकळत होता.

“यंदा म्या येत न्हाई,” तो म्हणाला.

वनितानं ते कानाआड केलं. म्हातारी माणसं आणि लहान पोरं यांचं पहिलं ‘नाही’ कुणी धरायचं नसतं. शिवाय आज न जाण्याचा प्रश्नच नव्हता. पितृपक्षातली चतुर्दशी होती, हत्यारानं मेलेल्यांच्या म्हाळाचा दिवस. अळणावरच्या पलीकडं गावात पारूआत्तीच्या घरी आज तिच्या नवऱ्याचं, परसूचं, पान वाढलं जाणार आणि त्या पानावर पितर म्हणून बाबाजी बसणार. छत्तीस वर्षं हेच चाललं होतं, फौजेत होता तेव्हा रजा काढूनही. परसू आणि बाबाजी एका गावचे, एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. परसू श्रीलंकेच्या लढाईत पडला, बाबाजी परत आला. मग परसूच्या नावानं जेवायला बसायला बाबाजीहून जवळचा माणूस कोण? पारूआत्ती परातीत त्याचे पाय धुवायची, कपाळाला गंध लावायची, खिरीची पहिली वाटी त्याच्या पुढ्यात ठेवायची. आणि हा पठ्ठ्या अर्धा वडा खाऊन, खिरीला बोट लावून उठायचा.

“माझ्या हाताला चव न्हाई वाटतं, अण्णा,” आत्ती दर वर्षी म्हणायची. बाबाजी मान खाली घालायचा.

आत्ती रक्ताच्या नात्याची नव्हे. पण वनिताची आई गोदावरी तापानं गेली तेव्हा वनिता नऊ वर्षांची होती, बाप फौजेत, आणि पोरीला कुणी ठेवून घ्यायचं म्हटल्यावर सगळं गणगोत मूग गिळून बसलेलं. तेव्हा ही पारू, नवरा जाऊन वर्ष झालेली बाई, दारात येऊन उभी राहिली. “भावाची पोर ती माझी पोर,” म्हणाली आणि घेऊन गेली. चार वर्षं वनिता तिच्या कुशीत झोपली. आई म्हटलं की वनिताच्या डोळ्यापुढं जो चेहरा येई तो आत्तीचा. गोदावरी फक्त फोटोत होती.

आणि बाप? बाप असून नसल्यासारखा. पेन्शनवर आला तो तोंडाला कुलूप घालूनच. फौजेतून आलेल्याला बँकेत बंदूकवाल्याची नोकरी घरी चालून येते, तशी ती आली होती. बाबाजीनं ती नाकारली आणि तारिहाळच्या एका कारखान्याच्या फाटकावर हातात काठी घेऊन चोवीस वर्षं उभा राहिला. पगार निम्मा. वनिताचं नर्सिंग त्यातच राहिलं. आज ती कोप्पीकर रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते. ‘बंदूक का नको?’ या प्रश्नाला बापानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. ‘लढाईत काय झालं?’ यालाही नाही. लहानपणी तिनं विनवण्या केल्या, मोठेपणी भांडणं केली. दगडाला पाझर फुटेल, पण हा फुटायचा नाही.

तो दोन महिन्यांपूर्वी फुटला. चक्कर येऊन बाबाजी न्हाणीत पडला, आठ दिवस दवाखान्यात राहिला, आणि घरी आला तो जीभ सैल होऊन. आधी पलटणीतल्या चहाचं काही बोलला. मग जहाजाचं. मग ताडाच्या झाडांचं. वनिता हरखली. कामावरून आली की खाटेपाशी बसायची, मोबाइल चालू करून त्याचं बोलणं भरून घ्यायची, दुकानातल्या रश्मीला ऐकवायची. “आमचा अप्पा बोलायला लागलाय बघ!” बाप अडुसष्ट वर्षांचा झाल्यावर आपल्याला सापडला, असंच तिला वाटत होतं.

“का येत न्हाई?” शर्ट खाटेवर टाकून तिनं विचारलं.

“त्या पानावर बसवत न्हाई.”

“छत्तीस वर्षं बसवलं ते?”

बाबाजीनं तिच्याकडं पाहिलं. “परसूला गोळी कुनाची लागली, ठावं हाय तुला?”

“त्या लोकांची. आनी कुनाची लागनार?”

“माझी.”

कुकरची शिट्टी झाली. वनिता आत गेली, गॅस बंद केला, बाहेर आली. तेवढ्यात बापानं काहीतरी वेगळं म्हटलं असेल, आपण चुकीचं समजलो असू, अशी तिला आशा होती.

मग बाबाजीनं सांगितलं. जाफन्याच्या बाजूला एका शाळेत त्यांचा तळ होता. भोवती तारेचं कुंपण. झाड्याला जायला आत खड्डे खणलेले, पण एका ओळीत सगळ्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे परसूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गावात शेताच्या बांधाला एकटा जाणारा गडी तो. पँट घालून तर त्याला बसताच यायचं नाही. म्हणून उजाडायच्या आधी लुंगी गुंडाळायची, टिनपाट घ्यायचं, पहाऱ्यावरच्या माणसाला सांगायचं आणि तारेखालून बाहेर जायचं. नियमाविरुद्ध होतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पहाटे त्यानं सांगितलं ते आधीच्या पहारेकऱ्याला. तो पहारा बदलून झोपायला गेला आणि बाबाजीला सांगायचं विसरला. बाबाजी उभा राहिला त्याला दहा मिनिटं झाली नसतील, तोच विहिरीमागं लुंगीवाला माणूस वाकलेला दिसला.

“आदल्या आठवड्यात तसल्याच लुंगीवाल्यानं आमची दोन पोरं मारलीती. म्या हाक मारली न्हाई. हाक मारायची असती आदी. भ्यालो, आनी घोडा वढला.” तो थांबला. “टिनपाट वाजलं तवा कळलं.”

“आनी कागदावर?”

“दुश्मनाच्या गोळीबारात, असं लिवलं सायबांनी. म्हनले, त्याच्या बायकूला पेन्शन तरी मिळू दे. तू गप बस. म्या बसलो.”

वनिताला बापाची दया यायला हवी होती. आली नाही. तिला आठवला तो आत्तीचा वाकलेला पाठीचा कणा, परातीतलं पाणी आणि त्या पाण्यातली या माणसाची पावलं.

“तिला सांगनार हाय म्या,” बाबाजी म्हणाला. “न्हाईतर तिकडं जायाचंच न्हाई.”

“न्हाई सांगायचं!” वनिता ओरडलीच. “छत्तीस वर्षं त्वांड मिटून बसलासा, आता मरायच्या टायमाला उघडू नका. तुमचं वझं उतरवाय तिच्या डोक्यावर टाकनार व्हय? माझी आई हाय ती. एक तर तुमी खाल्लासा, आनी ही दुसरीबी घालवतासा?”

एक तर खाल्ली, हे खोटं होतं. गोदावरी तापानं गेली होती. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि खरं सांगायचं तर वनिताला ते परत घ्यावंसंही वाटलं नाही. तिनं बापाचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. “शपथ घ्या. आत्तीला सांगनार न्हाई म्हना.”

“न्हाई सांगनार,” बाबाजी म्हणाला. मग त्यानं शर्टासाठी हात वर केला.

वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. पहिल्यांदाच वनिताला त्याचं मौन बरं वाटलं.

पारूआत्ती वाटच बघत होती. बासष्ट वर्षांची बाई, पण पहाटेपासून एकटीनं सगळा स्वयंपाक केला होता. लेक नागेश गोव्याला कामाला, तो काल फोन करून मोकळा झाला होता. सोप्यात पाट मांडलेला, केळीचं पान टाकलेलं, आत खिरीला उकळी फुटत होती.

“या अण्णा. लई वाळलासा की वो. वनिता, खायाला घालतीस का न्हाई गं बाला?” असं म्हणत तिनं परात पुढं ओढली, बाबाजीचा पाय उचलून परातीत ठेवला आणि तांब्यातलं पाणी ओतलं.

“पारू, पाय धू नगंस,” बाबाजी म्हणाला.

“अप्पा!” वनिता म्हणाली.

त्यानं लेकीकडं बघितलंही नाही. “परसूला म्या मारला, पारू. माझ्या गोळीनं गेला त्यो.”

आत्तीचे हात त्याच्या पावलावर होते ते तिथंच राहिले. ती रडली नाही की ओरडली नाही.

“वळखला न्हाईस?” तिनं विचारलं. छत्तीस वर्षांत ती त्याला अरे-तुरे बोलली नव्हती. “एका ताटात जेवत हुतासा की रे. पाठीवरनं वळखू आला न्हाई?”

“उजाडलं नव्हतं. वाकलेला हुता. आनी अंगावर लुंगी. त्या मुलखात लुंगीवाला म्हंजे...”

“कसली लुंगी?”

वनिता मधे पडली. “आत्ती, ऱ्हाऊ दे की आता ते...”

“गप, सुम्न बस गं तू. कसली लुंगी?”

“निळ्या चौकड्याची,” बाबाजी म्हणाला.

आत्तीनं पाय सोडला. ओले हात पदराला पुसले. मग ती बोलली ती कुणाला उद्देशून नव्हे. “अळणावरच्या बाजारात घेतलीती म्या. शेवटच्या सुट्टीला आला तवा. नगं म्हनत हुता. पलटणीत चालत न्हाई म्हनाला. पँट घालून तुमाला बसाय जमतंय व्हय, म्हनलं, आनी ट्रंकेत कापडाच्या खाली घालून दिली. त्याला दिसली बी नसंल तिथं जाईस्तवर.”

खीर लागल्याचा वास आला. आत्ती उठली, आत गेली, पातेलं उतरवलं. तिनं वडे आणले, भात आणला, गवारीची भाजी, कढी. सगळं पानावर नेमानं, जिथलं तिथं वाढलं. “बसा,” म्हणाली.

बाबाजी बसला आणि जेवला. वडे चारही खाल्ले. खीर संपवली, बोटं चाटली आणि वाटी पुढं केली. आत्तीनं दुसऱ्यांदा वाढली, तीही त्यानं संपवली. छत्तीस वर्षांची भूक असावी तसा तो जेवला, आणि वनिताला आपल्या बापाची किळस आली. जिच्या पुढ्यात आताच तिचा जन्म उलथून टाकला, तिच्याच हातून मागून खातो? पण त्याला दिसतच नव्हतं. आपण सांगितलं एवढंच त्याला कळलं होतं. तिला काय कळलं, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

निघताना वनिता आत्तीच्या गळ्यात पडायला गेली. आत्तीनं तिला दंडाला धरून लांबच थांबवलं.

“तुला ठावं हुतं?”

“आजच सकाळी सांगितलं त्यांनी, आत्ती. आईशप्पत.”

“लुंगीचंबी?”

वनितानं ‘हो’ म्हणून मान हलवली.

“मग तेवढं तरी झाकायचं हुतंस,” आत्ती म्हणाली. “गोळी मारली त्याचं म्या काय बी करून गिळलं असतं.” तिनं दंड सोडला. “जा. बाला घेऊन जा.” आणि दार लावून घेतलं. भरदुपारी, म्हाळाच्या दिवशी, आत्तीचं दार लागलेलं वनितानं कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत बाबाजीला खिडकीची जागा मिळाली. अळणावर सुटलं आणि त्याचं बोलणं सुरू झालं. परसू ताशे कसे वाजवायचा. भरतीच्या दिवशी छाती भरेना म्हणून परसूनं श्वास कसा कोंडून धरला आणि मोजणारा हसला. जहाजावर दोघं ओकून कसे बेजार झाले. इतकी वर्षं दाबून ठेवलेला परसू त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर येत होता, आणि बाबाजी मधूनच हसतही होता. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

“पारू काय बी बोलली न्हाई बघ,” तो म्हणाला. “मोठ्या मनाची बाई. वाढलं की तिनं.”

या बोलण्यासाठी वनिता जन्मभर तरसली होती, आणि आता त्यातला एकेक शब्द तिला नकोसा झाला होता.

बोलता बोलताच त्याचा डोळा लागला. मान कलली आणि डोकं वनिताच्या खांद्यावर आलं. तो घोरायला लागला. इतका गाढ झोपलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. घरी तर जरा भांडं वाजलं तरी तो दचकून उठायचा.

थोडा वेळ तिनं ते वजन सोसलं. मग खांदा काढून घेतला. बाबाजीचं डोकं खिडकीच्या गजावर आदळलं.

“आलं काय गं धारवाड?” डोळे चोळत त्यानं विचारलं.

“अजून न्हाई,” वनिता म्हणाली. “निजा तुमी.”

बाबाजीनं शहाण्या पोरासारखी मान हलवली, गजालाच डोकं टेकलं आणि पुन्हा झोपला.