बुरमा आपाचे चार सेकंद

मी एक जुना प्रोजेक्टर आहे मित्रांनो, सिनेमा दाखवायचा. आता पत्र्याच्या खोलीत पडलोय, पोटात उंदरांनी लोकर भरलीय. पण एके काळी मी ट्रकमधून डोंगर चढायचो, आणि मी आलो की वरच्या कुरणावरचे मेंढपाळ दूध काढणं अर्धवट सोडून पळत यायचे.

मला चालवायचा जोल्चू. आम्ही भर दुपारी सिनेमा लावायचो. लोकरी तंबूच्या माथ्यावरचं धुराचं भोक झाकलं की आत अंधार. बाहेर इंजिन धडधडायचं, आत मी घरघरायचो.

माझा आवाज दोन वर्षांतच गेला. स्पीकर फाटला, नवा काही आलाच नाही. मग म्हातारा कालमात पडद्याशेजारी बसून कोमुझच्या तीन तारा छेडायचा. पडद्यावर लढाई असो की लग्न, त्याची एकच उदास चाल.

"आजोबा, घोडे पळतायत, जरा जोरात वाजवा की!"

"पळू दे घोडे. मी म्हातारा आहे, मागनं येतो."

लोक हसायचे. हसता हसता गप्पही व्हायचे. त्या चालीत काय होतं, मला यंत्राला काय सांगता येणार?

एका उन्हाळ्यात जोल्चूनं शहरातनं एक छोटं रीळ आणलं. कुणा कॅमेरावाल्यानं आदल्या हिवाळ्यात इथलाच बर्फ टिपला होता. नुसता पांढरा उतार, आणि त्यावर चालत जाणारा एक माणूस. मुंगीएवढा. शेवटाकडं कॅमेरा जवळ जातो आणि तो वळून बघतो. चार सेकंद.

तो एर्मेक होता. याच कुरणावरच्या बुरमा आपाचा एकुलता एक पोरगा.

ते टिपलं आणि पंधराच दिवसांत बर्फाचा कडा कोसळला, एर्मेक बर्फाखाली गेला. हाती काही लागलं नाही. आमच्याकडं मेलेल्यासाठी घरची बाई भिंतीकडं तोंड करून, गात रडते. आपा रडलीच नाही. चाळीसाव्या दिवसाचं जेवणही तिनं घालू दिलं नाही. म्हणायची, "ज्याला बघितलं नाही, त्याला कसं रडू?" अन्न तिच्या घशाखाली उतरेना. हाडं वर आली होती.

त्या दिवशी तीन वेळा रीळ लावून झालं.

"जोल्चू, परत लाव."

"आपा, चौथ्यांदा? पोरं पेंगायला लागली."

"पेंगू दे. त्यांची माणसं त्यांच्या शेजारी बसलीत."

जोल्चू रीळ परत गुंडाळायला लागला. उद्या रीळ शहरात परत जायचं होतं. पुन्हा येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"आणि तो वळला ना, की थांबव," आपा म्हणाली. "एवढ्या बर्फात एकटा होता माझा पोरगा. घाबरला होता का, तेवढं बघू दे."

"थांबवता येत नाही आपा. दिवा तापलेला असतो. फिल्म जळते."

"माझ्या जागी तुझी आई असती तर?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझा दिवा किती कडक आहे, माझ्याइतकं कुणाला माहीत? पण मी हुकमाचा ताबेदार. जोल्चूनं खटका दाबला.

एर्मेक वळला आणि थांबला.

एक श्वासभर सगळं स्वच्छ दिसलं. भुवयांवर बर्फ, लाल नाक, आणि ओठांचा चंबू.

"शीळ घालतोय!" आपा उभी राहिली. "अगं बायांनो, शीळ घालतोय गं माझा पोरगा!"

तेवढ्यात त्याच्या गालावर तपकिरी डाग उठला. डाग फुगला, उकळला, चेहरा खाऊन गेला. पडदा पांढराफटक झाला. जळका वास सुटला. जोल्चू हात भाजत फिल्म ओढत होता. ते मी केलं होतं, मित्रांनो. तिला जे दाखवलं, ते मीच जाळलं.

कोमुझ केव्हाच थांबला होता.

"शीळ कुठल्या चालीची असेल रे?" कालमात हळूच म्हणाला.

कोण सांगणार? माझ्याकडं आवाजच नव्हता.

मग आपा वळली. सगळ्यांकडं पाठ केली, तंबूच्या भिंतीकडं तोंड केलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि गात रडायला लागली. सहा महिन्यांचं सगळं बाहेर आलं. बाया एकेक करून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हातारा तिच्या आवाजामागून तारा छेडत राहिला. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

पुढं जोल्चूनं जळका तुकडा कापून रीळ जोडलं. माणूस चालतो, चालतो, आणि मग नुसताच उतार. शहरात कुणी विचारलं नाही, तो गेला कुठं.

आता मी म्हातारा झालो, म्हणून मागतो. घरात असं एखादं यंत्र पडलं असेल तर त्याची धूळ पुसा, दोन थेंब तेल घाला. त्याचा आवाज गेला असेल तर वेळेवर दुरुस्त करून घ्या, चालवून घेऊ नका. आणि दूर एकटंच चाललेलं आपलं माणूस दिसलं, तर त्याला हाक मारा. माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका.