मटार आणि मी

मी एक स्टॉपवॉच. बटण दाबल्याशिवाय हलायचं नाही अशी माझी रीत, पण आज न दाबताच बोलतोय. स्वभावाने मी जळका आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझे मालक रहस्यपटांचे नावाजलेले दिग्दर्शक. त्यांच्या सिनेमाला आलेली माणसं खुर्चीचा हात घट्ट धरून बसायची. पण तो थरार शिजायचा मालकांच्या स्वयंपाकघरात. लेखक प्रसंग वाचायचा, संगीतकार तोंडाने व्हायोलिन काढायचा, मालक मला मुठीत धरायचे आणि मालकीण समोर बसून मटार सोलायची.

मला वाटायचं, मालकांचं सगळं लक्ष माझ्याकडे आहे. कसलं काय! ते बघायचे तिच्या हातांकडे. ऐकता ऐकता तिचे हात थांबले की बटण दाबायचे, हात चालू लागले की पुन्हा दाबायचे. मधले जेवढे सेकंद, तेवढाच वेळ तो प्रसंग पडद्यावर चालायचा. म्हणजे धावायचं मी आणि मान मटाराच्या शेंगांना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग एका वर्तमानपत्रात छापून आलं, की या दिग्दर्शकाचा थरार त्याच्या खिशातल्या घड्याळात आहे. मी फुगलो. दुर्दैवाने मालकही फुगले. पुढच्या सिनेमाची बैठक त्यांनी स्टुडिओत घेतली.

"मी येऊ ना?" मालकिणीने विचारलं.

"कशाला उगाच दगदग? मागच्या खेपेला चाळीस सेकंद आले होते. आकडा पाठ आहे मला."

"बरं," ती म्हणाली आणि दाण्यांचं भांडं उचलून आत गेली. त्या 'बरं'ने मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

प्रसंग असा होता: खुनी नवरा जिना चढून येतोय आणि बायको चावी मुठीत लपवून दारामागे उभी आहे. मी चोख चाळीस सेकंद मोजले. संगीतकाराने ते व्हायोलिनने काठोकाठ भरले. निवडक लोकांना सिनेमा दाखवला, तेव्हा तिसाव्या सेकंदाला मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बघता बघता सगळं थिएटर हसायला लागलं. मालकांची मूठ घामाने चिंब झाली आणि तिच्यात मीही.

"आठ दिवसांत नीट करा, नाहीतर हा प्रसंगच कापतो," निर्माता म्हणाला. आता जिनाच गेला तर सिनेमात उरतंय काय?

दुसऱ्या दिवशी मालकांनी मटाराची पिशवी टेबलावर ठेवली. लेखक आणि संगीतकार माना खाली घालून मागे उभे होते.

"अगं, जरा बसतेस?"

"का हो? घड्याळ बिघडलं?"

"घड्याळ ठीक आहे. मीच बिघडलो होतो."

ती बसली. लेखकाने वाचायला घेतलं. तिचे हात थांबले, मी धावलो, आणि बारा सेकंदांत ते पुन्हा चालू लागले.

"बाराच?" मालक म्हणाले.

"मग काय! तो दारात पोचला हे मला कळलं. पुढे कशाची वाट बघू? आणि भाऊजी, तुमचं ते व्हायोलिन बंद करा. त्याची पावलं ऐकू द्या मला."

"वहिनी, पोटावर पाय देताय," संगीतकार म्हणाला, पण त्याने ऐकलं.

सिनेमा तुफान चालला. जिन्याच्या प्रसंगाला थिएटरात कुणी श्वास घेत नसे. मालक म्हणाले, "पुढच्या वेळी तुझं नाव घालू." ती हसली. "काय लिहिणार? मटार?" आणि नाव घालायचं राहिलं ते राहिलंच.

आता दोघंही नाहीत. मी स्टुडिओच्या दारात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे: 'या घड्याळाने थरार मोजला.' जन्मभर जे हवं होतं ते मिळालं, आणि वाचणाऱ्या प्रत्येकासमोर मला खजील व्हायला होतं. मोजलं मी, पण कळलं मालकीणबाईंना.

तेव्हा बाबांनो, ती पाटी बदला. मालकीणबाईंचं नाव लिहा. हवी तर पेटीत मटाराची एक शेंगही ठेवा.

फक्त अगदी माझ्या शेजारी नको, जरा पलीकडे ठेवा. अजून जळतो मी.