उंदरांच्या पाठीवरची दारं

“ताई, उंदीर हसले पाहिजेत,” संपादक म्हणाले. “मजकुरात स्पष्ट आहे. ‘शहाण्या बगळ्यांनी तळ्याकाठी सुंदर शहर वसवलं आणि आळशी उंदीर हसत हसत दुसरीकडे राहायला गेले.’ तुमचे मात्र सगळे पाठमोरे!”

“निघून जाणाऱ्याची पाठच दिसते, साहेब.”

“आणि पाठीवर दारं कसली? बोचकी द्या ना, गोंडस दिसतील.”

“हसत जाणारा घराचं दार उचकटून नेत नाही.”

संपादकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अहो, उंदरांची गोष्ट ही! चिमुरडी पोरं वाचणार.”

“मुखपृष्ठावर ‘आपल्या शहराचा इतिहास’ असं छापताय. त्या तळ्याकाठी उंदीर नव्हते. आम्ही होतो. मीही तेव्हा चिमुरडीच होते.”

पंख्याखाली कागद फडफडले. संपादकांचा आवाज खाली आला. “मला ठाऊक नव्हतं. पण पुस्तक शाळाशाळांत जायचंय, मजकूर मंजूर झालाय. असं करू, एवढं पान दुसऱ्याकडून काढून घेतो. बाकी चित्रं तुमची, नावही तुमचंच.”

“मग बाकीचीही परत द्या.”

“बगळेसुद्धा?”

“ते तर आधी. फार छान जमलेत.”

घरी आल्यावर तिनं चित्रं टेबलावर पसरली. टेबल म्हणजे तळ्याकाठच्या घराचं दारच. पुढे वडील, पाठीवर दार. मागे आई, कडेवर ती. असे ते तळ्यावरून निघाले होते. नव्या खोलीच्या चौकटीत दार बसेना, तेव्हा वडिलांनी त्याला चार पाय ठोकले. त्यावरच ती चित्र काढायला शिकली. कडीच्या भोकात आता तिचे ब्रश उभे असत.

“झालं का गं पुस्तक?” आईनं विचारलं.

“त्यांचं मोडलं. आता आपलं करणार. मजकूरही मीच लिहिणार.”

“आणि घेणार कोण?”

“नाही कुणी घेतलं तर बागेत बसून पोरांना वाचून दाखवीन.”

“हट्टी मेली! अगदी बापावर गेलीस.” आईनं चित्र नाकाशी धरलं. “हा पुढचा तोच ना? असाच वाकून चालायचा. आणि मी कुठाय?”

“ही काय, मागे. पोर कडेवर.”

“शेपटी जरा जास्तच लांब दिलीस मला.”

दोघी हसल्या. हसता हसता आईचा हात टेबलावरून फिरत त्या भोकाशी आला आणि तिथंच थांबला. तिनं ब्रश एकेक करून बाहेर काढले, भोकाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं.

“चित्रातल्या दाराला कडी काढायची राहिली बघ तुझी,” ती म्हणाली.

लेकीनं त्यातला सर्वांत बारीक ब्रश उचलला आणि पाण्यात बुडवला.